‘पॉझिटिव्ह’च्या पुढचा रकाना

प्रति,
मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक
आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते यांस

विषय: हिपॅटायटिस बी आणि सी पॉझिटिव्ह आलेल्यांना दर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावण्याबाबत आणि त्यांचं रक्त जपून ठेवण्याबाबत

स.न.वि.वि.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लॅब चालवते. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, होऊन 19 वर्षं झाली. इतक्या वर्षांत कावीळ ‘ब’ची, म्हणजे हिपॅटायटिस बी ची, किती तपासणी-कार्डं लावली याचा हिशेब नाही. पण ते काम कसं होतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या कार्डापासूनच सुरू होतं.

नळी फिरवली की रक्त खाली बसतं आणि वर फिकट पिवळं सिरम येतं. त्याचे दोन-तीन थेंब कार्डाच्या खाचेत सोडायचे आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. पट्टीवर ओल हळूहळू वर चढते. एक गुलाबी रेघ उमटली तर निगेटिव्ह, दोन उमटल्या तर पॉझिटिव्ह. दुसरी रेघ कधी ठसठशीत येते, कधी इतकी पुसट की कार्ड खिडकीशी नेऊन तिरपं धरावं लागतं. पुसट असली तरी ती धरायचीच. मग मी रजिस्टरमध्ये नाव, वय, गाव, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव लिहिते आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनाने ‘पॉझिटिव्ह’. त्याच्यापुढे रकाना नाही. पान तिथं संपतं.

2012 साली माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. आधीच्या तपासण्यांत एचबीएसएजी, म्हणजे हीच कावीळ ‘ब’ची तपासणी, पॉझिटिव्ह आली. त्या दवाखान्याने फाईलवर लाल स्टिकर लावलं, ‘किट’चे म्हणून जादा पैसे घेतले आणि ऑपरेशन दिवसातल्या शेवटच्या नंबराला घेतलं. घरी सोडताना कुणीतरी एवढंच म्हणालं, “काही त्रास नाही ना? मग झालं.” डिस्चार्ज कार्डावर पथ्य होतं, जड उचलू नका होतं, टाके काढायची तारीख होती. विषाणूबद्दल एक ओळ नव्हती. ते कार्ड मी वाचलं होतं. लॅबवाली बहीण म्हणून घरात आधी मलाच दाखवलं होतं. लिव्हरच्या तपासण्या नॉर्मल होत्या, म्हणून मीही म्हणाले, “काळजी करू नको दादा.” तेव्हा मला तेवढंच कळत होतं. तेवढं पुरेसं नव्हतं.

दादा आणि वहिनी दर साली मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर जायचे. 2019 च्या गुढीपाडव्याला टोळी परत आली, तेव्हा दादा दारातच टेकला. “बाई, उजवीकडं बरगडीखाली जड जड लागायलंय. मोळी डोक्यावर घेतली की दमच टिकंना.” पँट कमरेवर ठरत नव्हती, सुतळीने बांधली होती. मी रक्त घेतलं आणि एएफपीसाठी, म्हणजे यकृताच्या कॅन्सरची खूण शोधणाऱ्या तपासणीसाठी, बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवलं. निरोगी मोठ्या माणसात हा आकडा साधारण दहाच्या आत असतो. दादाचा 14,000 च्या वर आला. सीटीत नऊ सेंटिमीटरची गाठ निघाली आणि यकृताला रक्त नेणारी मोठी शीर गाठीनेच भरलेली. कापून काढणं नाही, सुई घालून जाळणं नाही, यकृत बदलणं नाही, असं एका दिवसात तीनदा ‘नाही’ ऐकून आम्ही परत आलो. दसऱ्याआधी दादा गेला. 43 वर्षांचा होता.

2012 ते 2019. सात वर्षं. सहा महिन्यांनी एकदा म्हटलं तर तेरा-चौदा वेळा त्याचं रक्त घेता आलं असतं, तेरा-चौदा वेळा सोनोग्राफी झाली असती. यकृतातली ही गाठ साधारण चार ते सहा महिन्यांत दुप्पट होते. म्हणजे कधीतरी ती एक सेंटिमीटरची होती, दोनची होती. त्या वेळी ती काढता आली असती.

दादाच्या दिवसांनंतर मी घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. आई पॉझिटिव्ह, वय 64, आयुष्यात कधी कावीळ झाली नाही. धाकटा भाऊ पॉझिटिव्ह. माझं निगेटिव्ह, शिकत असताना लसही घेतलेली. हा विषाणू मोठेपणी शिरला तर बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघून जातो. जन्मताना आईकडून आला तर दहातल्या नऊ बाळांत कायमचा राहतो. आमच्या घरी तो तसाच आला असणार. आईला हे कसं सांगायचं याचा विचार मी महिनाभर करत होते. शेवटी सांगितलंच नाही, नुसत्या गोळ्या सुरू केल्या.

आता आपल्यापैकी कुणी म्हणेल, बाई, एका घरातलं दुःख घेऊन आठ जिल्ह्यांना पत्र कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2022 मध्ये भारतात 2.98 कोटी माणसांच्या अंगात हिपॅटायटिस बी होता आणि 55 लाखांच्या अंगात सी. त्यातल्या बहुसंख्यांना ते ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांचा ‘पॉझिटिव्ह’ शब्द माझ्यासारख्या कुणाच्या तरी रजिस्टरमध्ये पडून आहे. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, बी, सी, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी होते. गरोदर बाईची एचबीएसएजी होते. ऑपरेशनआधी होते. आपल्याकडे जयंतीला, वाढदिवसाला रक्तदान शिबिरं होतात, शेकडो पिशव्या निघतात, आणि त्यात सापडलेल्याला फार तर एक फोन जातो. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती बसली. त्या हजारो बायकांची ऑपरेशनआधी एचबीएसएजी तपासणी व्हायला हवी होती, आणि बहुतेकींची झालीही असेल. त्या निकालांचं काय झालं, असं कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही.

तेव्हा माणसं शोधायचा खर्च आपल्यापुढे नाहीच. ती सापडलेली आहेत. सापडून हरवलेली आहेत.

जुने डॉक्टर अजूनही चिठ्ठीवर ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असं लिहितात. नवीन पोरांना ते चुकीचं वाटतं, पण त्यात इतिहास आहे. अमेरिकेतल्या डॉ. बारूख ब्लुमबर्ग यांना 1960 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन दिसलं, ते पुढे याच विषाणूचं आवरण निघालं. त्यासाठी त्यांना 1976 चं नोबेल मिळालं. 28 जुलै हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून त्या दिवशी जागतिक हिपॅटायटिस दिन असतो आणि आपला राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमही 2018 साली त्याच तारखेला सुरू झाला. या कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची औषधं फुकट आहेत. सी तर बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. मी या कार्यक्रमाची टीका करायला बसलेली नाही. धाकट्याच्या आणि आईच्या गोळ्या त्यातूनच येतात. गोळ्यांनी कॅन्सरचा धोका कमी होतो, पण संपत नाही. सी बरा झाला तरी तोवर यकृत निबर झालेलं असेल, तर त्या माणसावर पुढेही लक्ष ठेवावंच लागतं. गोळ्या देणारी खिडकी आहे, पण गाठ होतेय का ते बघणारी खिडकी आमच्या बाजूला नाही.

‘लिव्हर नॉर्मल आहे’ या वाक्याने दादाला फसवलं, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. हिपॅटायटिस सी वर्षानुवर्षं यकृताला जखमा करत राहतो, यकृत निबर होतं, त्याला आपण सिऱ्होसिस म्हणतो, आणि कॅन्सर बहुतेक वेळा त्याच्या पाठोपाठ येतो. बी ला तेवढं थांबायची गरज नसते. त्याचा डीएनए तुटून आपल्या पेशीच्या डीएनएत जाऊन बसतो. कुठेही बसू शकतो, पण यकृताच्या गाठींमध्ये तो काही जागी पुन्हा पुन्हा सापडलेला आहे. त्यातली एक जागा ‘टर्ट’ नावाच्या जनुकाच्या तोंडाशी. हे जनुक पेशीला म्हातारपण येऊ देत नाही. पूर्ण वाढ झालेल्या पेशीत ते बंद असायला हवं. विषाणूचा तुकडा तिथं बसला की ते चालू होतं आणि पेशी मरायची विसरते. म्हणून बी असलेल्या माणसाला सिऱ्होसिस नसताना, एसजीपीटी ही यकृताची नेहमीची रक्ततपासणी नॉर्मल असतानाही कॅन्सर होऊ शकतो. रक्तातल्या त्या दोन-तीन आकड्यांवर ‘काळजी नको’ म्हणणं ही चूक मी केली, आणि आजही रोज कुणीतरी करत असेल.

मग काय बघायचं? पुढे कुणाला होईल याचा अंदाज देणाऱ्या खुणा वेगळ्या आणि झालेला लवकर पकडणाऱ्या खुणा वेगळ्या.

अंदाजाची सगळ्यात भक्कम खूण म्हणजे रक्तातला विषाणूंचा भार. तैवानमध्ये 3,653 बी-पॉझिटिव्ह माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला ‘रिव्हील’ नावाचा अभ्यास 2006 साली छापून आला. सुरुवातीच्या रक्तात एका मिलिलिटरला 10,000 च्या वर विषाणू असतील तर पुढे कॅन्सरचा धोका स्पष्टपणे वाढतो, आणि भार जितका जास्त तितका धोका जास्त, मग एसजीपीटी काहीही असो. हे त्यातून दिसलं. भाराची तपासणी तालुक्याला होत नाही, ती वरच पाठवावी लागते. पण वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून ‘फिब-4’ काढता येतो आणि यकृत किती निबर झालंय याचा अंदाज येतो. गोळ्या चालू असलेल्या माणसासाठी वय, बाई की पुरुष आणि प्लेटलेट एवढ्यावरच ‘पेज-बी’ नावाचं गुणांकन आहे. हे गणित मी मोबाईलवर अर्ध्या मिनिटात करते. मराठवाड्यातली कुठलीही लॅब करील. कुणी मागत नाही, म्हणून होत नाही.

झालेला कॅन्सर पकडणाऱ्या खुणांत सगळ्यात जुनी एएफपी, 1960 च्या दशकातली. पोटातल्या बाळाचं यकृत हे प्रथिन बनवतं, जन्मानंतर ते कमी होत जातं आणि यकृताचा कॅन्सर झाला की पुष्कळदा पुन्हा वर येतं. पण ती एकटी पुरत नाही. लहान गाठी असलेल्या बऱ्याच जणांत ती वाढतच नाही. उलट गरोदरपणात वाढते, विषाणू उसळला तरी वाढते. सोनोग्राफी एकटी केली तर सिऱ्होसिसवाल्यांमधल्या सुरुवातीच्या गाठींपैकी निम्म्याहून कमी सापडतात. सोबत एएफपी केली तर साधारण 63 टक्के. म्हणजे दोन्ही करूनही तिसरा हिस्सा हातून जातोच.

तो हिस्सा कमी करण्यासाठी जगात जे चाललंय ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी माझ्यासारखे इतर लॅबवाले हे वाचतील म्हणून लिहिते. एएफपीचाच एक प्रकार आहे ‘एल-3’. कॅन्सरच्या पेशीतून येणाऱ्या एएफपीवर साखरेची एक जास्तीची कडी असते, आणि ती ओळखायला वापरतात मसुरातलं प्रथिन. आपली वरणाची मसूर. त्या प्रथिनाला एल-3 चिकटतं, साधं एएफपी चिकटत नाही. एकूण एएफपीत त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या वर गेला तर संशय घ्यायचा. दुसरी ‘पिव्का-2’. रक्त गोठवणारं प्रोथ्रॉम्बिन यकृतात तयार होतं, कॅन्सरच्या पेशी ते अर्धवट बनवून सोडतात. एएफपी न वाढवणाऱ्या काही गाठी या चाचणीत सापडतात. मात्र माणूस रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनच्या गोळ्यांवर असेल किंवा अंगात के जीवनसत्त्व कमी असेल तरी ती वाढते, म्हणून गोळ्यांची चौकशी केल्याशिवाय हा रिपोर्ट वाचू नये. एएफपी, एल-3, पिव्का, वय आणि बाई की पुरुष, या पाचांना एकत्र करणारं ‘गॅलड’ हे गुणांकन 2014 साली इंग्लंडमध्ये मांडलं गेलं. जपानमध्ये या तिन्ही चाचण्या विम्यात बसतात आणि जोखमीच्या माणसांची सोनोग्राफी तीन ते सहा महिन्यांनी होते. आमच्याकडून पिव्काचं सिरम थंड डब्यात, कुरिअरने जातं.

याच्याही पुढे, गाठीतून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे आणि त्यांच्यावरचे मिथिलचे ठसे, ‘मायक्रो-आरएनए 122’ सारखे बारीक रेणू, विषाणूच्या आणि आपल्या डीएनएचा सांधा, यांवर काम चालू आहे. मला त्याची आशा वाटते. पण एक गोष्ट मी टेक्निशियन म्हणून ठासून सांगते. कॅन्सर झालेल्या शंभर जणांचं आणि धडधाकट शंभर जणांचं रक्त समोर ठेवलं, तर पुष्कळ चाचण्या हुशार ठरतात. खरी परीक्षा गाठ दिसायच्या आधी घेतलेल्या रक्तावर असते. दोन वर्षं आधी, एक वर्ष आधी, सहा महिने आधी. ते रक्त कुठून आणणार? जे कुणीतरी बोलावून, घेऊन, नाव घालून जपून ठेवलं असेल, तेच. तैवानकडे ते होतं म्हणून रिव्हील झाला.

आणि तैवानचं उत्तर आपल्याला जसंच्या तसं लागू पडेल असं धरून चालता येत नाही. हिपॅटायटिस बी च्या विषाणूचेही ए, बी, सी, डी असे उपप्रकार आहेत. तिकडे त्यातले बी आणि सी जास्त, आपल्याकडे मुख्यतः डी आणि ए. पेज-बी युरोपातल्या गोऱ्या रुग्णांवर बसवलेलं. शिवाय आपल्या खाण्यातली एक गोष्ट. भुईमूग आणि मका पावसात भिजला, नीट वाळला नाही, की त्यावर बुरशी येते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत असला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती. ते एका दमातलं विष झालं, पण थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर ते कॅन्सर रोखणाऱ्या पी-53 या जनुकात 249 व्या जागी एक ठरावीक बिघाड करतं. तो बिघाड रक्तातल्या डीएनएतही सापडू शकतो. शांघायच्या 18,000 पुरुषांवरच्या अभ्यासात नुसत्या अफ्लाटॉक्सिनने धोका साडेतीनपट, नुसत्या बी ने सातपट आणि दोन्ही असतील तर जवळपास साठपट निघाला. आमच्या घरी बुरशी आलेल्या शेंगा आई वेगळ्या काढायची आणि टाकून द्यायला जीव होत नाही म्हणून भाजून आम्हालाच द्यायची. भाजल्याने हे विष पुरतं जात नाही. परभणीला आपलं कृषी विद्यापीठ आहे, चार शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर, नांदेडला कितीतरी वर्षांपासून आहेत. शेंगा इकडच्या, रक्त इकडचं, आणि दोन्हीकडे बघणारी माणसंही इकडचीच. ती एका टेबलावर बसावीत, एवढं तर मागता येतं.

बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीचा मला फार आदर आहे. 1987 पासून ते गावोगाव जाऊन नोंदी करतात, आपल्या धाराशिव-बीडच्याही. पण ती यादी झालेल्यांची आहे. मला व्हायच्या आधीची यादी हवी आहे.

सहा महिन्यांनी बोलावून काय होतं, याचंही उत्तर आहे. शांघायमध्ये 35 ते 59 वयाच्या 18,816 जोखमीच्या माणसांच्या दोन तुकड्या केल्या. एकीला दर सहा महिन्यांनी एएफपी आणि सोनोग्राफीला बोलावलं, दुसरीला नाही. बोलावलेल्या तुकडीत यकृताच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 37 टक्क्यांनी कमी झाले, असा निष्कर्ष 2004 साली छापून आला. आणि ही बोलावलेली माणसंही सगळी वेळेवर यायची असं नाही, ठरलेल्या तपासण्यांपैकी सहा दशांशही झाल्या नव्हत्या. तरी एवढा फरक पडला.

आता आमच्या बाजूची अडचण. डॉक्टर सांगतात, सहा महिन्यांनी या. समजा माघ महिन्यात तपासलं, तर पुढची तारीख येते श्रावणात. ती जमते. त्याच्या पुढची पुन्हा माघात. तेव्हा माणूस सांगलीच्या नाहीतर बेळगावच्या फडात असतो. उचल घेतलेली असते, एक खाडा म्हणजे दोघांचा खाडा. तो येत नाही. केस पेपरवर शेरा पडतो, ‘रुग्ण आला नाही’. धाकट्याच्या कागदावर असे दोन शेरे आहेत.

पण साहेब, सहा महिन्यांचं चक्र आमच्याकडे आधीपासून आहे. दसरा झाला की टोळ्या निघतात, पाडव्याच्या आगेमागे परत येतात. आश्विन ते चैत्र, चैत्र ते आश्विन. आपण तारखा दवाखान्याच्या सोयीने लावता, त्या एकदा गावाच्या सोयीने लावून बघा. घटस्थापनेच्या आधीचा आठवडा आणि पाडव्यानंतरचा पंधरवडा, वर्षातून दोनदा, उपजिल्हा रुग्णालयात एक सोनोग्राफी मशीन, एक रेडिओलॉजिस्ट आणि रक्त घ्यायला आम्ही. 40 च्या पुढचे बी-पॉझिटिव्ह पुरुष, 50 च्या पुढच्या बाया, घरात कुणाला यकृताचा कॅन्सर झालेले, सिऱ्होसिसवाले, एवढेच आधी बोलवा. गाड्या भरायच्या आधी मुकादम सगळ्या जोड्यांना एकत्र करतोच, अड्ड्यावर नावं घेतोच. त्याच वेळी आशाताईने प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला तरी पुरे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचीही यात मदत घेता येईल.

आकडा एकदा बघून काही कळत नाही, म्हणून इतकं तारखांबद्दल लिहितेय. एएफपी 18 आला तर मी काय समजू? कुणाचा तो वर्षानुवर्षं 18 च असतो. पण गेल्या पाडव्याला 4, दसऱ्याला 9 आणि या पाडव्याला 18, एसजीपीटी मात्र तिथंच, असं दिसलं तर मी त्या माणसाला घरी जाऊ देणार नाही. छोटा आकडाही बोलतो, पण त्याच्या मागचे दोन आकडे शेजारी लिहिलेले असतील तरच. आज ते तीन रिपोर्ट तीन लॅबमध्ये, तीन नावांनी असतात. एकीकडे ‘बाबुराव’, एकीकडे ‘बाबू’, एकीकडे नुसतं आडनाव.

म्हणून पहिली मागणी अगदी साधी आहे. आपल्या अखत्यारीतल्या प्रत्येक लॅबच्या, रक्तपेढीच्या, प्रसूती कक्षाच्या रजिस्टरमध्ये ‘पॉझिटिव्ह’च्या पुढे एक रकाना आखायला सांगा: ‘पुढची तारीख’. आणि ती यादी दर महिन्याला जिल्हा रुग्णालयाच्या कावीळ उपचार केंद्रात जाऊ द्या. खाजगी लॅबनाही सांगा, आम्ही देऊ. दुसरी, आठही जिल्ह्यांत दसरा-पाडव्याची तपासणी. आणि तिसरी, चारही महाविद्यालयांत उणे 80 अंशांचा एक एक डीप फ्रीजर, बॅकअप वीज असलेला. आलेल्या प्रत्येकाकडून, त्याला नीट समजावून आणि सही घेऊन, एक नळी जास्तीची. पाच वर्षांनी कुणाला गाठ निघाली तर त्याच्या मागच्या दहा नळ्या आपल्याकडे असतील. एल-3, पिव्का, मिथिलचे ठसे, 249 ची खूण, जे तपासायचं ते त्यावर तपासता येईल. मग आपल्या माणसांसाठी कुठली चाचणी खरंच उपयोगी आणि कुठल्या चाचणीवर सरकारने पैसा घालायचा, ते दुसऱ्या देशाला विचारावं लागणार नाही.

यादी गुप्त राहिली पाहिजे, यावर मी अडून बसेन. एक सून माहेरी पाठवलेली मला माहीत आहे, गरोदरपणाच्या तपासणीत पॉझिटिव्ह आली एवढ्याच कारणाने. तिचं ताट वेगळं केलं होतं. हा विषाणू ताटातून, तांब्यातून, मिठी मारल्याने जात नाही. रक्तातून जातो, संबंधातून जातो, आईकडून बाळाला जातो, दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून जातो. गुजरातेत मोडासा भागात 2009 साली वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने बी ची साथ येऊन कितीतरी माणसं मेली. आपल्याकडे ‘सलाईन लावा’ म्हणणाऱ्यांची कमी नाही, तेव्हा तिथंही लक्ष असू द्या. आणि फाईलवरची लाल स्टिकरं बंद करा. त्यांनी ऑपरेशन करणारे सावध होतात, माणूस मात्र पुढच्या वेळी सांगायचाच बंद होतो. मग तो जातो कावीळ उतरवणाऱ्याकडे. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, ते बघून घरी येतो.

बाळांच्या लशीबद्दल थोडक्यात, कारण तिथं काम चांगलं चाललंय. जन्मल्यापासून 24 तासांच्या आत पहिला डोस, आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. तैवानने 1984 पासून बाळांना लस दिली आणि दहा वर्षांत सहा ते चौदा वयाच्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर जवळपास निम्म्यावर आला. आपल्याकडे ही लस देशभर 2011 पासून आहे. म्हणजे आज जे कोयता हातात धरतात, त्यांच्यातल्या जवळजवळ कुणालाच ती मिळालेली नाही. त्यांच्यासाठी लस आता उशिराची. त्यांना ती दसरा-पाडव्याची तारीखच द्यावी लागेल.

शेवटी एक विनंती. दादा गेल्यानंतर मी धाकट्याचं रक्त जमेल तेव्हा घेत आले, आणि दर वेळी एक नळी सिरम वेगळी काढून लॅबच्या उणे 20 च्या फ्रीजमध्ये ठेवत आले. मार्करने तारीख घातलेली, वरून सेलोटेप. अशा सात नळ्या आहेत. दोन तारखा मध्ये सुटल्या, तो फडात होता. मागच्या उन्हाळ्यात वीज अकरा तास गेली, तेव्हा बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून त्यात ठेवल्या. त्यांचा कितपत उपयोग राहिला असेल ते आपले लोक सांगतील. आईच्याही पाच आहेत. या बारा नळ्या कुठल्या महाविद्यालयाच्या फ्रीजरमध्ये, कुणाच्या नावे आणून द्यायच्या, तेवढं कृपया कळवावं. एसटीने थर्मासमध्ये घेऊन मी स्वतः येईन. धाकटा यंदाही दसऱ्यानंतर निघणार आहे, त्याच्या आत जमलं तर आठवी नळीही सोबत आणता येईल.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, बीड जिल्हा